डेन्व्हरचा रेल्वेवाला गव्हर्नर

डेन्व्हरला मुलाकडे आलेल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. जुन्या नकाशात जो डोंगर माउंट एव्हन्स म्हणून दाखवलाय, त्याच्या पाटीवर आता माउंट ब्लू स्काय लिहिलंय. शहरातला एव्हन्स अव्हेन्यू मात्र जिथल्या तिथं आहे. त्यांनी चौकशी केली तेव्हा एकानं सांगितलं, एव्हन्सनं रेल्वे आणली म्हणून हे शहर जगलं. दुसऱ्यानं सांगितलं, त्याच्या कारकिर्दीत बायकामुलांची कत्तल झाली. ‘ही एकाच माणसाची गोष्ट आहे, की नावात काही घोटाळा आहे?’

घोटाळा नाही. माणूस एकच, डॉ. जॉन एव्हन्स. माझं तर म्हणणं असं की त्याची रेल्वे एका पानावर आणि ती कत्तल दुसऱ्या पानावर अशी वाचली, तर दोन्ही नीट कळत नाहीत. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. चौतीस वर्षं रेल्वेच्या बांधकाम विभागात काढली, त्यातली बरीचशी सर्व्हे आणि भूसंपादनात. मुलगी कोलोरॅडोत असल्यानं गेल्या काही उन्हाळ्यांत इथले जुने मार्ग पायाखाली घातले. त्यामुळे हा माणूस मी सातबाऱ्याच्या बाजूनं वाचतो. पुलाचं डिझाइन एक वेळ नंतर करता येतं; जमीन कोणाची, हे आधी मिटावं लागतं. नव्या लाइनीवर आमचं काम बोगद्यात जितकं अडायचं, त्याहून जास्त तलाठ्याच्या दप्तरात अडायचं.

एव्हन्स मूळचा ओहायोचा. ९ मार्च १८१४ ला वेन्सव्हिल गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात जन्म, १८३८ मध्ये वैद्यकीची पदवी. इंडियानात असताना मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालय हवं म्हणून तो आमदारांच्या मागे लागला आणि ते उभं राहिल्यावर त्याचा पहिला अधीक्षक झाला. पुढे शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. १८४९ मध्ये त्यानं कॉलऱ्यावर एक निबंध लिहिला. कॉलरा हवेतून येतो असं बहुतेक डॉक्टर मानत असताना, तो माणसांबरोबर त्यांच्या प्रवासाच्या वाटांनी पसरतो, असं त्यानं बोटी आणि रस्ते यांचा माग काढून मांडलं. मला त्याच्या सगळ्या डॉक्टरकीत हीच गोष्ट लक्षात राहण्यासारखी वाटते. वाटा कुठून कुठं जातात आणि त्यांवरून काय वाहत येतं, हे बघायची नजर त्याला तेव्हापासून होती.

पैसा मात्र डॉक्टरकीतून आला नाही, जमिनीतून आला. शिकागो फुगत होतं आणि त्यानं प्लॉट घेऊन ठेवले होते. फोर्ट वेनहून शिकागोला येणाऱ्या रेल्वेत तो होता, नगरपालिकेत नगरसेवकही होता. म्हणजे शहरात रूळ शिरायला परवानगी मागणारा आणि देणारा, दोन्ही बाजूंना त्याची ऊठबस. १८५३ मध्ये त्यानं आणि त्याच्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या मित्रांनी शिकागोच्या उत्तरेला मिशिगन तळ्याकाठी ३७९ एकरांचं एक शेत २५,००० डॉलरला घेतलं. एक हजार रोख एव्हन्सनं भरले, बाकी तारणावर. तिथं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ उभं राहिलं, भोवती गावठाण आखलं गेलं, गावाला नाव दिलं एव्हन्स्टन. लवकरच मिलवॉकीकडे जाणारी रेल्वे तिथून गेली आणि भाव चढले. आधी स्वस्त जमीन, मग संस्था, मग रूळ, मग प्लॉटविक्री. हा हिशोब त्याला एव्हन्स्टननं शिकवला. पुढचा सगळा कोलोरॅडो म्हणजे याच हिशोबाची मोठी आवृत्ती, असं मी मानतो.

आता ‘टेरिटरी’ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं उमगणार नाही. आपल्याकडचा केंद्रशासित प्रदेश डोळ्यांसमोर आणा. गव्हर्नर लोकांनी निवडायचा नाही, राष्ट्राध्यक्षानं नेमायचा. स्थानिक विधिमंडळ असतं, वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी जातो, पण त्याला मत नसतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही इथल्या लोकांना मत नाही. राज्याचा दर्जा मिळेपर्यंत असंच चालायचं. कोलोरॅडो टेरिटरी फेब्रुवारी १८६१ मध्ये झाली, सोन्याच्या शोधात आलेल्या लोंढ्यामुळे. १८६० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३४,२७७ भरली. त्यात मूळ रहिवासी धरलेच नव्हते.

पहिला गव्हर्नर विल्यम गिल्पिन. तोही रेल्वेवेडा, पण स्वप्नाळू जातीचा. यादवी युद्ध पेटलं तेव्हा त्यानं पलटण उभी केली आणि अधिकार नसताना सरकारी खजिन्यावर सुमारे ३,७५,००० डॉलरच्या हुंड्या काढून दुकानदारांना वाटल्या. खजिन्यानं त्या नाकारल्या, डेन्व्हरचे व्यापारी बुडायला लागले आणि गिल्पिनची खुर्ची गेली. लिंकननं मार्च १८६२ मध्ये त्या जागी एव्हन्सला नेमलं. आदल्या वर्षी त्याला वॉशिंग्टन टेरिटरीची गव्हर्नरकी देऊ केली होती, ती त्यानं नाकारली होती. कोलोरॅडो मात्र घेतलं. पॅसिफिक महासागरापर्यंत जाणारी रेल्वे कुठून जाणार याची चर्चा तोवर तापली होती आणि नकाशावर डेन्व्हर अगदी मध्यावर होतं, हा योगायोग मी तरी मानत नाही.

१ जुलै १८६२ ला पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला. तो एकदा शांतपणे वाचण्यासारखा आहे. पहिल्या कलमात युनियन पॅसिफिक कंपनी उभी करणाऱ्या आयुक्तांची लांबलचक यादी आहे, तीत जॉन एव्हन्स आहे. दुसऱ्या कलमात सरकारनं कबूल केलंय की मार्गासाठी आणि कंपनीला द्यायच्या जमिनींसाठी लागेल त्या जागेवरचे इंडियनांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, हक्क होता होईल तितक्या लवकर संपुष्टात आणले जातील. आता गंमत बघा. टेरिटरीचा गव्हर्नर हाच पदसिद्ध इंडियन खात्याचा अधीक्षक असे. म्हणजे कोलोरॅडोपुरतं दुसरं कलम अमलात आणायचं काम ज्याच्या टेबलावर, त्याचंच नाव पहिल्या कलमात. आमच्याकडे भूसंपादन अधिकाऱ्याचे त्या प्रकल्पात शेअर निघाले, तर त्याला त्याच दिवशी घरी बसवतील. तिथं ते कायद्यानं छापलेलं होतं आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

जमीन एवढी महत्त्वाची का, तर तिथल्या रेल्वेचा सगळा डोलाराच तिच्यावर होता. आपल्याकडे जीआयपी रेल्वे कंपनीला सरकारनं जमीन फुकट दिली आणि गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. त्यामुळे नाना शंकरशेटांनी मुंबईत रेल्वेसाठी खटपट केली तेव्हा आजूबाजूची रानं विकून भांडवल काढायची चिंता त्यांना नव्हती. अमेरिकेत हमी नव्हती. सरकार रुळाच्या दोन्ही बाजूंना एक आड एक असे चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, तुकडे कंपनीला देई. ते तारण ठेवून कंपनीनं पूर्वेकडे किंवा युरोपात कर्जरोखे विकायचे, पुढे तेच तुकडे शेतकऱ्यांना विकून कर्ज फेडायचं. ज्या जमिनीवर कोणाचा तहानं मान्य झालेला हक्क आहे, ती तारण म्हणून कोण घेईल? सातबाऱ्यावर बोजा असला की बँक दारात उभं करत नाही, तसंच हे.

आणि बोजा होता. फोर्ट लॅरमीच्या १८५१ च्या तहानुसार नॉर्थ प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला मुलूख शायेन आणि अरापाहो या मूळ रहिवाशांच्या जमातींचा होता. डेन्व्हर शहर त्याच मुलखात वसलं. १८६१ मध्ये फोर्ट वाइजला दुसरा तह झाला, त्यात जुन्या मुलखाचा साधारण तेरावा हिस्सा त्यांच्याकडे राखीव म्हणून राहिला. पण या तहावर सह्या मोजक्याच सरदारांच्या. बाकीच्यांनी तो मानला नाही. भूसंपादनात ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. खात्यावर बारा वारस, संमतिपत्रावर तिघांचे अंगठे, आणि वरून साहेब विचारतोय की ताबा कधी.

एव्हन्सनं ताबा मिळवायचे सरळ प्रयत्नही केले, हे नोंदवायला हवं. सप्टेंबर १८६३ मध्ये रिपब्लिकन नदीच्या अरिकारी फाट्यावर त्यानं उरलेल्या सरदारांना बोलावणं धाडलं. भेटवस्तू घेऊन स्वतः तिथं जाऊन थांबला. एकही सरदार आला नाही. पुढच्याच महिन्यात डोंगरातल्या यूट लोकांशी कोनेहोसला तह झाला, तो त्याला साधला. मैदानावरचा मात्र साधेना. इथून पुढे त्याच्या पत्रांचा सूर बदलतो. नाही म्हणणारा माणूस त्याला आता शत्रू दिसू लागतो.

१८६४ चं वर्ष मी थोडं सावकाश सांगतो.

११ जूनला डेन्व्हरपासून पंचवीस-तीस मैलांवरच्या एका रँचवर हंगेट कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. प्रेतं गाडीतून शहरात आणून लोकांना बघायला ठेवली. शहर भीतीनं वेडं झालं आणि ती भीती खोटी नव्हती, कारण ऑगस्टमध्ये मैदानावरचे गाडीरस्ते बंद पडले, पिठाचे भाव चढले, टपाल थांबलं. २७ जूनला एव्हन्सनं जाहीरनामा काढला की जे इंडियन स्नेहाने राहू इच्छितात त्यांनी ठरवून दिलेल्या किल्ल्यांजवळ जावं, तिथं संरक्षण मिळेल. ११ ऑगस्टला दुसरा जाहीरनामा: नागरिकांनी शत्रू इंडियनांचा पाठलाग करून त्यांना ठार मारावं, आणि त्यांच्याकडून मिळेल ती मालमत्ता स्वतःकडे ठेवावी. स्नेही कोण आणि शत्रू कोण हे माळरानावर ओळखायचं कसं, याबद्दल तोच जाहीरनामा वाचून बघितला तर हाती काही लागत नाही. लुटीची मुभा मात्र साफ शब्दांत आहे. त्याच महिन्यात शंभर दिवसांच्या भरतीची तिसरी घोडदळ पलटण उभी करायची परवानगी वॉशिंग्टनहून आली.

आणि मग नेमक्या वेळी, एव्हन्सच्या दृष्टीनं नको त्या वेळी, समोरची माणसं तहाला तयार झाली. फोर्ट लायन किल्ल्याचा मेजर वाइनकूप हा ब्लॅक केटल, व्हाइट अँटिलोप आणि इतर सरदारांना घेऊन डेन्व्हरला आला. २८ सप्टेंबरला कॅम्प वेल्डला बैठक झाली. एव्हन्सनं तह केला नाही. आता सगळं लष्कराच्या हातात आहे, त्यांच्याशी बोला, असं सांगून हात झटकले. वाइनकूपनं पुढे चौकशीत साक्ष दिली की बैठकीआधी गव्हर्नर त्याला म्हणत होता, तह केला तर या तिसऱ्या पलटणीचं मी करू काय? ती इंडियन मारण्यासाठी उभी केलीय. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो, कारण त्यातला तर्क ओळखीचा आहे. निधी मंजूर झालाय, मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे.

नोव्हेंबरच्या मध्यावर एव्हन्स वॉशिंग्टनला निघून गेला. ब्लॅक केटलची माणसं सांगितल्याप्रमाणे फोर्ट लायनच्या आसऱ्याला सँड क्रीक ओढ्याच्या काठी उतरली होती, सुमारे सातशे जण. २९ नोव्हेंबरच्या पहाटे कोलोरॅडोच्या फौजेचा प्रमुख कर्नल चिव्हिंग्टन पावणेसातशे शिपाई आणि तोफा घेऊन तिथं पोचला. ब्लॅक केटलनं तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावला होता, सोबत पांढरं निशाणही. सुमारे २३० माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. कॅप्टन सायलस सूल आणि लेफ्टनंट क्रेमर यांनी आपल्या तुकड्यांना गोळी झाडायचा हुकूम दिला नाही, आणि जे पाहिलं ते पत्रांत लिहून कळवलं. चौकशा झाल्या त्या याच पत्रांमुळे. सूलला एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात गोळी घातली गेली. चिव्हिंग्टन मूळचा मेथडिस्ट धर्मोपदेशक. १८६४ च्याच मार्चमध्ये एव्हन्सनं डेन्व्हरला जी शाळा काढली, आजचं डेन्व्हर विद्यापीठ, तिच्या विश्वस्तांत तो होता.

एव्हन्सनं हल्ल्याचा हुकूम दिला होता का? तसा पुरावा नाही. २०१४ मध्ये त्यानं स्थापलेल्या दोन्ही विद्यापीठांनी समित्या नेमून कागदपत्रं तपासली. नॉर्थवेस्टर्नच्या समितीचं म्हणणं पडलं की त्यानं हे आखलं नव्हतं, पण तसं घडेल अशी परिस्थिती तयार करणाऱ्यांपैकी तो होता, आणि नंतरही त्यानं कधी निषेध केला नाही. डेन्व्हरच्या समितीनं त्याचा दोष चिव्हिंग्टनच्या तोडीचा ठरवला. मला दुसरा निष्कर्ष जवळचा वाटतो, पण त्याचं कारण जाहीरनाम्यांहून पुढचं आहे. कितीतरी वर्षांनी, १८८४ च्या एका मुलाखतीत, मैदानावरून इंडियन हटले यात कोलोरॅडोचा फारच फायदा झाला, असं तो बोलून गेला. रागाच्या भरात नव्हे, हिशोब सांगितल्यासारखं. फेरफार मंजूर झाला, बोजा उतरला.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं १८६५ च्या उन्हाळ्यात त्याचा राजीनामा मागून घेतला. राज्याचा दर्जा मिळेल या भरवशावर तो सिनेटर म्हणून निवडूनही गेला होता, पण जॉन्सननं तो दर्जा दोनदा नाकारला आणि सिनेटरकी हवेत राहिली. कोलोरॅडो राज्य झालं ते थेट १८७६ मध्ये. राजकारणी एव्हन्स इथं संपला. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता.

मग दणका बसला तो रेल्वेचा. युनियन पॅसिफिकनं डेन्व्हर टाळलं आणि उत्तरेला शंभर मैलांवर, जिथं पुढे शायेन शहर वसलं, तिथून जायचं ठरवलं. (ज्यांना मैदानातून हटवलं त्यांचंच नाव त्या शहराला.) डेन्व्हरकरांनी कट, लाचखोरी असे आरोप केले. मला विचाराल तर सर्व्हेवाल्यांचा निर्णय चोख होता. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, त्याच्या पश्चिमेची बर्थड खिंड ११,३०० फुटांवर, आणि कायद्यानं घातलेली चढाची मर्यादा मैलाला ११६ फूट, म्हणजे साधारण १:४५. आपल्या बोरघाटात १८६३ मध्ये १:३७ चढ घेतला, पण तिथं वर जायचं ते दोन हजार फुटांच्या आत. बर्थड खिंडीला लांबलचक बोगदा लागला असता. उलट शायेनच्या पश्चिमेला निसर्गानंच रँप करून ठेवलाय. माळरान एकसारखं चढत चढत डोंगराच्या माथ्यापर्यंत जातं, त्याला इथं ‘गँगप्लँक’ म्हणतात, बोटीला लावतात त्या फळीसारखं. तिथून गाडीनं गेलो तेव्हा मी दोनदा उतरून बघितलं, असली आयती एलाइनमेंट आम्हाला उभ्या आयुष्यात मिळाली नाही. शिवाय वायोमिंगात वाटेवर दगडी कोळसा. माथा सुमारे ८,२५० फुटांवर. त्या खिंडीलाही काही काळ एव्हन्स पास म्हणत, पण तो जेम्स एव्हन्स, युनियन पॅसिफिकचा सर्व्हेयर. तुमचा नावातल्या घोटाळ्याचा संशय खरा तर इथं लागू पडला असता.

डेन्व्हरची अवस्था तेव्हा काय होती ते जनगणना सांगते. १८६० मध्ये ४,७४९ माणसं, १८७० मध्ये ४,७५९. दहा वर्षांत दहा डोकी वाढली. दुकानदार उठून शायेनला जायला लागले. जवळचं गोल्डन गाव स्वतःची रेल्वे काढून डेन्व्हरचं नाक कापायला टपलेलं. नोव्हेंबर १८६७ मध्ये डेन्व्हरच्या व्यापाऱ्यांनी बैठक बोलावली आणि डेन्व्हर पॅसिफिक रेल्वे कंपनी स्थापली: शायेनपर्यंत १०६ मैलांची जोडलाइन आपण स्वतः टाकायची. काही दिवसांत सुमारे २,८०,००० डॉलरचे भाग लोकांनी घेतले. ज्यांच्याकडे रोख नव्हतं त्यांनी अंगमेहनत आणि लाकडाचे स्लीपर देऊ केले. जानेवारीत काउंटीनं पाच लाखांचे रोखे काढावेत का यावर मतदान झालं. बाजूनं १,२५९, विरुद्ध ४७. मे १८६८ मध्ये मातीकाम सुरू झालं आणि लवकरच कंपनीची सूत्रं एव्हन्सकडे आली.

खरं कसब यापुढचं. मातीकाम आणि स्लीपर तुम्ही करा, रूळ आणि गाड्या आम्ही देतो, असं युनियन पॅसिफिकनं कबूल केलं होतं. पण ती स्वतःच पैशाच्या अडचणीत आली आणि रूळ काही येईनात. भराव तयार, वर गवत उगवतंय. असा भराव मी पाहिलाय. दोन पावसाळे गेले की त्याचे कोपरे ढासळतात आणि गावातली पोरं त्यावरून सायकली हाकतात. एव्हन्सनं वॉशिंग्टनला तळ ठोकला. पूर्वेकडून डेन्व्हरकडे येणाऱ्या कॅन्सस पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीला डेन्व्हर ते शायेन तुकड्यासाठी मंजूर झालेलं जमिनीचं दान त्यानं मार्च १८६९ च्या कायद्यानं आपल्या कंपनीकडे वळवून घेतलं, आठ-नऊ लाख एकरांच्या घरात. ती जमीन तारण ठेवून २५ लाख डॉलरचे रोखे काढले, आणि बांधकामाचा ठेका त्यानं स्वतःच घेतला. कंपनीचा अध्यक्षही तोच, ठेकेदारही तोच! आज सीबीआय येईल. त्या काळी याला धडाडी म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्या धडाडीशिवाय ती लाइन झाली नसती. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथं, आणि नेमकं इथंच थांबून मी तारखा पुन्हा बघतो. सँड क्रीक नोव्हेंबर १८६४. मैदान सोडून जाण्याचा लिटल आर्कान्साचा तह ऑक्टोबर १८६५. जमिनीचं दान मार्च १८६९. मधल्या पायऱ्या गाळल्या तर ते दान कुठून आलं हे कळणारच नाही.

२४ जून १८७० ला डेन्व्हरला स्टेशनची कोनशिला आणि शेवटचा खिळा असा मोठा सोहळा झाला. जॉर्जटाउनच्या खाणवाल्यांनी चांदीचा खिळा करून पाठवला होता. इथले जुनेजाणते सांगतात की तो आणणाऱ्यांनी वाटेत दारूसाठी गहाण टाकला, आणि एव्हन्सनं साध्या लोखंडी खिळ्याला पांढरा कागद गुंडाळून तोच लोकांसमोर ठोकला. खरंखोटं देव जाणे, पण माणसाला शोभते. ऑगस्टमध्ये पूर्वेकडून कॅन्सस पॅसिफिकही येऊन मिळाली. त्याच वर्षी वाटेवरची जमीन घेऊन आलेल्या एका वसाहतीनं ग्रीली गाव वसवलं आणि पाट काढून शेती सुरू केली, म्हणजे एव्हन्स्टनचा हिशोब इथंही बरोबर सुटला. १८८० मध्ये डेन्व्हरची लोकसंख्या ३५,६२९ झाली, १८९० मध्ये एक लाखाच्या वर गेली.

दुसरी रेल्वे डेन्व्हर साउथ पार्क, १८७२ ची, तीन फुटी नॅरोगेज. डोंगरात ते शहाणपणाचं होतं. तीव्र वळणं घेता येतात, कटिंग कमी, खर्च कमी. नेरळ-माथेरानच्या दोन फुटीत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. १८७३ च्या मंदीनं ती डोंगराच्या पायथ्याच्या मॉरिसन गावी काही वर्षं अडकून पडली. मग लेडव्हिलला चांदी सापडली आणि नशीब फिरलं. १८७९ मध्ये केनोशा खिंड ओलांडून, जवळजवळ दहा हजार फुटांवरून, रूळ पलीकडे उतरले आणि मालाला वॅगन पुरेनात. १८८० मध्ये जे गूल्ड या बड्या रेल्वे-धनिकानं भाव विचारला, एव्हन्स आणि मंडळींनी विकून टाकली. योग्य वेळी विकली, असं मी म्हणेन. पुढे तिनं ११,५०० फुटांवर आल्पाइन बोगदा काढला आणि दर हिवाळ्यात बर्फ उपसत बसली.

पैसे हातात आल्यावर सत्तरीकडे झुकलेला दुसरा कोणी घरी बसला असता. यानं १८८१ मध्ये तिसरी काढली, थेट दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचायची महत्त्वाकांक्षा. पूर्वेकडच्या बड्या कंपन्यांच्या दरांच्या कचाट्यातून डेन्व्हरला सोडवायचं तर स्वतःचं बंदर हवं, असा त्याचा तर्क. कंपनी डबघाईला आली, नाव बदललं, पण मार्च १८८८ मध्ये टेक्सासकडून येणाऱ्या लाइनीशी न्यू मेक्सिकोत रूळ जुळले. जुलै १८९७ मध्ये तो डेन्व्हरला वारला.

डोंगराला त्याचं नाव १८९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं दिलं, तो हयात असतानाच. ऑगस्ट २०२१ मध्ये गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी १८६४ चे ते जाहीरनामे रद्द केले. हो, तोवर ते कोणी अधिकृतपणे मागे घेतलेच नव्हते! सप्टेंबर २०२३ मध्ये डोंगराचं नाव माउंट ब्लू स्काय झालं; अरापाहो लोकांना निळ्या आभाळाची माणसं म्हणतात आणि शायेन लोकांचा त्या नावाचा एक विधी आहे. रस्त्याचं नाव बदलणं हा शहराचा प्रश्न, आणि पाट्या, पत्ते, पिनकोड यांचा व्याप तुम्हाला माहीतच आहे.

मुलाकडे आहात आणि गाडी आहे, तर एक दिवस ग्रीलीच्या रस्त्याला जा. हायवे ८५ च्या कडेनं जो रूळ धावतो तो डेन्व्हर पॅसिफिकचाच मार्ग, अजून मालगाड्या चालतात. दुसऱ्या दिवशी हायवे २८५ नं केनोशा खिंडीत जा. माथ्यावर जुन्या नॅरोगेजचा थोडा तुकडा जपून ठेवलाय. सँड क्रीकसाठी मात्र पूर्ण दिवस काढा. ईड्स गावाच्या पुढे कच्चा रस्ता लागतो, डेन्व्हरपासून जायलाच तीन तास. ओढ्याला बहुतेक पाणी नसतं, काठाला कॉटनवुडची झाडं आहेत, आणि खाली उतरायची परवानगी नाही, वरच्या कड्यावरूनच बघायचं. नोव्हेंबरच्या शेवटी तिथल्या लोकांचे वंशज याच जागेपासून डेन्व्हरपर्यंत धावत येतात, तेव्हा गेलात तर बाजूला उभे राहा आणि फोटो काढू नका. डबा आणि पाणी बरोबर घ्या, वाटेत दुकान नाही.